तो प्याला नव्हता

परवा सकाळी फिरायला निघालो, तर वडनेरच्या बाहेर नाल्याच्या काठी पोलीस पकडलेला, दारूसाठी आंबवलेला मोहाचा सडवा ओतत होते. निळे ड्रम एकामागून एक आडवे होत होते आणि तो आंबूस, गोडसर, घशाशी येणारा वास कोवळ्या उन्हात पसरत होता. सोबतच्या म्हाताऱ्यांपैकी एकानं नाक दाबलं, माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला. "सर, तुमच्या दोस्ताची याद येऊन राह्यली." सगळे हसले. सवयीनं मीही हसलो. घरी येईस्तोवर त्या हसण्याची चव तोंडात राहिली आणि चहा समोर निवत राहिला. तो दोस्त जाऊन वर्ष झालं. त्यानं उभ्या आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. हे मला ठाऊक होतं, आणि तो पितो असं गावाला लेखी कळवणाराही मीच होतो.

मी ज्या शाळेचा मुख्याध्यापक होतो, तिथं तो कवायत शिकवायचा. मैदानाच्या एका टोकाहून त्यानं हुकूम दिला की दुसऱ्या टोकाच्या कडुनिंबावरच्या साळुंक्या उडायच्या. ऐन चाळिशीत त्याच्या डोक्यात गाठ निघाली. आधी शस्त्रक्रिया, मग नागपूरला सहा आठवडे रेडिएशन. जामच्या फाट्यावरून बस पकडून मी कितीतरी वेळा त्याच्यासोबत गेलो. आत त्याच्या चेहऱ्यावर जाळीचा घट्ट मुखवटा चढवून डोकं टेबलाला जखडत. बाहेर आला की गालांवर, कपाळावर जाळीचे चौकोन उमटलेले असत आणि तो म्हणायचा, "पाह्य बे, मासोळीवानी जाळ्यात धरते मले." शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, की गाठ आटोक्यात आली आहे, पण किरणांचं काम आज संपत नाही, वर्षं गेल्यावरही चाल बिघडू शकते, शब्द अडू शकतात, विसर पडू शकतो. मी मान डोलावली होती. तेव्हा मला माहीत नव्हतं, असं म्हणण्याची सोय मला नाही.

गावानं मात्र 'बरा झाला' म्हणून त्याला मोकळं केलं. बरा झाला! आजारी माणसाचा कंटाळा आलेल्या लोकांनी स्वतःच्या सोयीसाठी घडवलेला याहून आळशी शब्दप्रयोग मला ठाऊक नाही. कानामागे तळहाताएवढ्या जागेत त्याचे केस पुन्हा उगवले नाहीत, म्हणून तो टोपी घालू लागला. अन्नाची चव गेली ती गेलीच. पाच-सहा वर्षांनी उजवा पाय भलतीकडे पडू लागला, जीभ जड झाली, वर्गात शिरून तो मुलांनाच विचारू लागला, मी इथं कशाला आलो? आणि आमचा जिल्हा पडला दारूबंदीचा. इथं दारू विकायला परवानगी नाही, फक्त ती मिळते. नदीपलीकडच्या जिल्ह्यात जाऊन पिऊन येणारे आमचे सज्जन सरळ रेषेत चालण्यात इतके तरबेज आहेत, की तोल गेलेला माणूस त्यांना नवशिका वाटतो. दुसऱ्या मुलखात कुणी अडखळलं तर लोक पाणी विचारत असतील. आमच्याकडे त्याच्या तोंडाजवळ नाक नेतात.

एका सव्वीस जानेवारीला मुलांचं संचलन त्याच्या हुकमावर निघालं. झेंड्यापुढून रांगा गेल्या, मैदान संपत आलं, आणि त्याला 'थम' हा शब्द सापडेना. ओठ हलत होते, हात वर गेला होता, पण शब्द येत नव्हता. मुलं शिस्तीची. ती चालत राहिली, भिंतीपाशी पोचली आणि भिंतीला नाक लावून जागच्या जागी पाय आपटत राहिली. पाहुणे पोट धरून हसले. तो पुढे धावला, झोकांडला आणि फक्कीनं आखलेल्या पांढऱ्या रेघेवर पडला. मी त्याच्यापासून दोन हातांवर उभा होतो. वाकलो नाही. पाहुण्यांकडे पाहिलं.

दुपारी गावाची दारूबंदी समिती बसली. मी तिचा सभासद होतो. चिटणिसाच्या तोंडात वेलची होती. ती का असते, हे सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"सर, लेकरायसमोर पेऊन उभा राह्यला थो. तुमी बाजूलेच होते. वास आलता, एवढं लिवून द्या."

"त्याची तब्येत..." मी म्हणालो.

"काऊन, बरा झाला ना थो? का तुमीबी बसता त्याच्यासंगं?"

पुन्हा हशा. तेवढ्या हशावर मी विकला गेलो. त्यात समितीचं अध्यक्षपदही लवकरच रिकामं होणार होतं. मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'तोंडाला दारूचा वास येत होता.' दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्या खोलीत तो कागद दोनदा वाचला, माझ्याचकडून पेन मागून घेतलं आणि राजीनामा लिहिला. एक शब्द बोलला नाही. मी समजलो, रागानं बोलत नाही. पुढे मी अध्यक्ष झालो, शाल-नारळ घेतला, व्यसनाच्या दुष्परिणामांवर भाषणं केली. त्याच्या शोकसभेत एक वक्ता म्हणाला, वेळीच बाटली सोडली असती तर! मी पहिल्या रांगेत होतो. तिथंही बसून राहिलो.

परवा चहा तसाच ठेवून मी कागद घेतला. 'वास आला नव्हता. मी खोटं लिहिलं,' असं लिहून सही केली आणि त्याच्या बायकोकडे गेलो. ती तूर निवडत बसली होती. पूर्वी ती मला भाऊजी म्हणायची.

"मले काय दाखवता, सर? मले तं ठाऊकच होतं," ती कागदाला हात न लावता म्हणाली. "त्यायले दाखवाले पायजे होतं."

"तो माझ्यावर रागावलेला होता, मला तोंड..."

"रागावले? थे नाई रागावले कधी." तिचा हात सुपात थांबला. "त्यायले दिवसाचं काई आठवे नाई. मले पुसत, आज मी पेलो तं नाई ना? मी म्हनो, तुमी जिंदगीत नाई पेले. तं म्हनत, मंग दोस्तानं काऊन लिवलं? थो खोटं नाई लिवत. पेलो असन मी, आठवत नाई. मरेवर मापी मांगली मले त्यायनं, न केल्या गोष्टीची."

ती पुन्हा तूर निवडू लागली.

इतकी वर्षं मी त्या गावठी न्यायाधीशांना हिणवून स्वतःची सुटका करून घेत होतो. वेलची चघळणाऱ्या माणसाचा तिरस्कार करणं सोपं असतं. पण त्याच्या म्हणण्यावर दोस्तानं विश्वास ठेवला नसता. माझ्या म्हणण्यावर ठेवला. किरणांनी त्याच्या आठवणीत एक जागा उजाड केली होती, आणि तिथं मी माझं एक वाक्य पेरून ठेवलं. ते त्याला स्वतःचंच वाटलं. काळ सगळं पुसतो म्हणतात. त्याचं तर सगळंच पुसलं जात होतं, आणि तरी राहिलं ते नेमकं तेवढं. आज मी खरं लिहितो आहे, ते गाव वाचेल, चार दिवस बोलेल. ज्या एका माणसाला ते पटायला हवं होतं, तो माझ्यावर विश्वास ठेवून गेला.