अण्णांचा फळा

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी उचगावला माझ्या फौंड्रीत होतो, आणि खरं सांगतो, आधी रागच आला. रविवारी ये, मग बोलू, असं सांगून हा माणूस गुरुवारीच निघून गेला... माझा थोरला भाऊ म्हणून हक्कानं काही विचारायला गेलो आणि सरळ उत्तर मिळालं, असं जन्मात झालं नाही. मग शेवटी तरी कसं होणार?

अण्णा इथल्याच एका मॅनेजमेंट कॉलेजात कॉर्पोरेट फायनान्स शिकवायचे. कंपनीनं भांडवल कसं उभारावं, कुठं गुंतवावं, विकायची झाली तर तिची किंमत कशी काढावी, यातच हयात गेली. मुंबईच्या बँकांनी बोलावलं, हे हलले नाहीत. मग धंदेवालेच शाहूपुरीतल्या घरी सल्ल्याला यायचे. आता आल्या पाहुण्याला माणूस खुर्ची देतो, चहा विचारतो. अण्णा हातात खडू द्यायचे. बैठकीच्या खोलीत भिंतभर काळा फळा होता. पाहुण्यानं उभं राहून आपला धंदा शिकवायचा आणि हे समोर बुटक्या स्टुलावर विद्यार्थी होऊन बसणार. मध्येच म्हणणार, "थांबा, हे कळलं न्हाय." भलेभले मालक घामाघूम व्हायचे. अण्णांकडून मात्र उत्तराचं नाव नाही. "तुमचं तुम्हीच काढलासा की," म्हणून हात जोडायचे.

सख्ख्या भावालाही सूट नव्हती. फौंड्री काढताना अख्खी संध्याकाळ मी त्या फळ्यापुढं उभा होतो. शेवटी वैतागून खडू आपटला. म्हटलं, "अण्णा, जगाला शिकवता, मला एकदा व्हय तर व्हय, न्हाय तर न्हाय म्हणा की." ते वाकून खडूचे तुकडे गोळा करत म्हणाले, "मी व्हय म्हटलं आन् बुडलास, तर जन्मभर मला शिव्या घालशील. तुझं तू ठरीवलंस, तर सकाळी उठून कामाला तरी लागशील." असा संताप आला होता म्हणून सांगू. फौंड्री मात्र चालली.

आता एक मोठी कंपनी ती विकत मागतेय. मुलगा म्हणतो, देऊन मोकळे होऊ. माझा जीव होत नाही. महिनाअखेर कळवायचंय, आणि त्यासाठीच त्या रविवारी जायचं होतं.

गेल्या आठवड्यात गेलोच. वहिनींनी फळा स्वच्छ पुसला होता, स्टूल जागच्या जागी. काय वाटलं कोण जाणे, खडू घेतला आणि मांडत सुटलो... मशिनी, ऑर्डरी, माझं वय, मुलाचं मन. 'कामगार' एवढं लिहिलं आणि पुढं हात चालेना. नेमकं इथंच त्यांनी अडवलं असतं. मागं वळून रिकाम्या स्टुलाकडं बघितलं आणि इतका चिडलो, की डोळे भरून आले.

वहिनी दारात उभ्या होत्या. "भावजी, पुसू का फळा?"

"ऱ्हाऊ द्या, वहिनी. अजून मलाच कळलं न्हाय."