मॅडमच्या कपाटातले नारळ

सरकारी कचेरीतून रिकाम्या हातांनी परत पाठवणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिलेत, पण आलेल्याला भरल्या हातांनी परत पाठवणारी बाई अख्ख्या ठाणे जिल्ह्यात मला एकच भेटली. त्या आमच्या भागाच्या तलाठी मॅडम. उंची बेताची, आवाज मात्र असा की कळव्यात कुणाचं नाव पुकारलं तर खाडीपलीकडे ठाण्यातल्या माणसाने उठून उभं राहावं. मॅडम पैसे घेत नाहीत हे कळल्यावर लोकांनी जो मार्ग शोधला, तो बाई अधिकाऱ्याच्याच बाबतीत निघू शकतो. पाकीट नाकारता येतं, ओटी कशी नाकारणार? मग ज्याचं काम अडलेलं असेल तो बायकोला पुढे करायचा. बायको मॅडमना कुंकू लावायची, खण-नारळ त्यांच्या पदरात घालायची, आणि तांदळाखाली जे काही असेल ते असायचं.

यावर मॅडमनी काढलेला तोडगा म्हणजे त्यांचं कपाट. वरच्या कप्प्यात सातबाऱ्याची दप्तरं, मधल्यात खणांची चळत, खाली नारळ, सगळं स्वतःच्या पगारातून. कुणी ओटी भरली की मॅडम उठायच्या, ती जशीच्या तशी त्या बाईच्या पदरात ओतायच्या आणि वर आपला एक खण आणि नारळ घालायच्या. एका बिल्डरच्या बायकोने तांदळात सोन्याचं वळं आणलेलं. ती बाई वळं, दोन खण आणि दोन नारळ घेऊन परत निघाली तेव्हा मॅडम मागून म्हणाल्या, “जड झालीय हो ओटी. जिन्यावरून सांभाळून उतरा.” फाईल रांगेत जिथे होती तिथेच राहिली.

त्यांच्या खोलीच्या दाराला पडदा नव्हता. आधी होता, तो त्यांनी रुजू झाल्या दिवशीच काढला. “पडद्याआड बाई बसली की लोक दोनच गोष्टी बोलतात,” त्या म्हणायच्या, “एक पैशाची आणि दुसरी तुम्हाला माहितीय.” प्रत्येकाचा अर्ज त्या मोठ्याने वाचायच्या, त्यामुळे कुणाचा बांध कुणी कोरला हे चहाच्या टपरीपर्यंत कळायचं. चहा पाजायला आलेल्याला त्या स्वतःच्या थर्मासमधला चहा पाजायच्या. तो इतका अगोड असायचा की माणूस पुन्हा त्या वाटेला जायचा नाही.

आणि त्यांची स्तुती करायची सोय नव्हती. नवरात्रात टेंभी नाक्याच्या बाजूची काही मंडळी नऊ कर्तबगार बायकांच्या सत्काराचं आमंत्रण घेऊन आली. म्हणाली, बाया भ्रष्टाचार करत नाहीत हे तुम्ही दाखवून दिलंत. मॅडम म्हणाल्या, “कोण म्हणतं करत नाहीत? मी नोकरीला लागले तेव्हाची माझी साहेब बाईच होती, आणि दोन्ही हातांनी घ्यायची. आज मला देवी म्हणाल, उद्या तुमचं काम अडलं की चेटकीण. त्यापेक्षा तलाठीच राहू द्या.”

मी बारावी पास झाले तेव्हा आमची या मॅडमशी गाठ पडली. वडील नव्हते. आई पाच घरी पोळ्या लाटायची. उत्पन्नाचा दाखला मिळाला तर कॉलेजची फी माफ होणार होती, नाहीतर मी एका दुकानात कामाला लागणार हे ठरलेलं होतं. दाखला मॅडमच्या अहवालाशिवाय मिळत नव्हता, आणि प्रवेशाची शेवटची तारीख पुढच्या बुधवारी. कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे एक काका बसायचे, आत काय चालतं ते ऐकीव सांगायचे. ते म्हणाले, “पैसे घेत नाही ना, तेच वांधे आहेत. ओटी भरावी लागते. आईला घेऊन ये.”

आई ते ऐकून खालीच बसली. विधवेने ओटी कशी भरायची? शेजारच्या काकूंना पाठवावं, तर त्या शीळफाट्याला लेकीकडे गेलेल्या. शेवटी आईने खण-नारळ पिशवीत घातला आणि आम्ही रांगेत उभ्या राहिलो.

मॅडमनी अर्ज वाचला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. मग पिशवीकडे बोट केलं. “यात काय?”

आई म्हणाली, “तुमची ओटी आहे मॅडम. मला भरता येत नाही. तुम्हीच उचलून घ्या, मी हात लावत नाही.”

मॅडम उठल्या, कपाट उघडलं आणि आईसमोर येऊन म्हणाल्या, “पदर पुढे करा.”

“अहो, मला चालत नाही.”

“मला चालतं. आणलेलं परत न्यायचं, वर माझं न्यायचं, हा इथला नियम आहे. तुमच्यासाठी मोडला तर लोक म्हणतील, बाईने ओळख काढली.” त्यांनी आईची ओटी भरली, जागेवर जाऊन बसल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “दाखला मंगळवारी. रांगेतल्या सगळ्यांना लागतात तेवढेच दिवस. पुढचा.”

बाहेर काकांनी मान हलवली. “परत दिली? मग काम गेलं समजा.” आम्हीही तेच समजलो. मंगळवारपर्यंत आईने नारळ फोडला नाही. दाखला मंगळवारी हातात पडला तेव्हा आईने तो उलटून मागची बाजूही बघितली, तिथे काही मागितलंय का म्हणून.

मी पदवीधर झाले, आमच्या घराण्यातली पहिली. हे मी सांगते तेव्हा आवाज जरा चढतो, चढू दे. पदवीदानाला आईने त्याच खणाचा ब्लाऊज घातलेला. आता मी कल्याणला शाळेत शिकवते.

मॅडम निवृत्त होऊन डोंबिवलीत राहतात. गेल्या महिन्यात पत्ता मिळाला तशा आम्ही दोघी गेलो. दारात थांबूनच मी दाखल्याची गोष्ट सांगितली. त्यांना आठवली नाही. अशा कितीतरी जणी आल्या असतील. आम्हाला आत बसवून त्या म्हणाल्या, “तेव्हा कुणावर विश्वासच ठेवता यायचा नाही गं. त्यात कुणी खरंच मायेने आणलेलंही असेल. तेही परत केलं मी.”

आईने पिशवीतून खण आणि नारळ काढला. सवयीने मॅडम अर्धवट उठल्या, स्वयंपाकघराकडे बघितलं. तिथे वर घालायला काही नसावं.

“बसा,” आई म्हणाली. “इथे तुमचा नियम नाही.”

मॅडम बसल्या. मग त्यांनी हळूच पदर पुढे केला.