सुकेळीकाकूंचं ऊन

सुकेळीकाकू सूर्याला शिव्या घालायच्या. नंदाखाल गावातल्या आमच्या गल्लीत थंडीची सकाळ त्यांच्या आवाजानेच उजाडायची. पदर खोचून, अंगणात उभ्या राहून, आभाळाकडे तोंड करून त्या ओरडायच्या, "मेल्या, अजून लोळतोयस? माझी केळी काय तुझा बाप वाळवणार?" ढग आला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. मी लग्न होऊन देशावरून त्यांच्या शेजारी आले, तेव्हा घाबरून नवऱ्याला विचारलं होतं, "या बाईंचं भांडण कोणाशी आहे?" तो म्हणाला, "भांडण कसलं, धंदा आहे तो त्यांचा."

राजेळी केळी पिकवायची, सोलायची, चटईवर उन्हात मांडायची, दिवस कलला की आत घ्यायची आणि सकाळी पुन्हा मांडायची. आटून तपकिरी, चिकट झाली की केळीच्याच वाळक्या पानात करकचून बांधायची. झाली सुकेळी. नवरा गेल्यावर काकूंनी याच कामावर घर चालवलं होतं. घरात त्या त्यांच्या बोलीत बोलायच्या, पण मला कळत नाही म्हणून माझ्याशी शाळेतलं मराठी. "तुझ्यासाठी जिभेला इस्त्री करावी लागते गं," म्हणायच्या.

मग सरकारी योजना आली. महिला बचत गटांना अनुदानावर सोलर ड्रायर. वर काच, आत जाळीचे ट्रे, अशी भलीमोठी पेटी. मला वाटलं, काकू त्या पेटीलाही शिव्या घालणार. छे! त्या हरखल्याच. माशा नाहीत, धूळ नाही, कावळ्यांमागे काठी घेऊन धावणं नाही. "सरकारला पहिल्यांदा अक्कल आली," हे त्यांचं प्रशस्तिपत्र. गटातल्या बायकांना घेऊन त्या दुप्पट केळी वाळवू लागल्या. खोटं का बोलू, योजना चांगली होती. म्हणूनच पुढचं आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

काकूंच्या अंगणाच्या दक्षिणेला त्यांच्या दिराच्या वाट्याची वाडी होती. दिराने ती विकली. नारळ पडले, केळी गेली आणि तिथे फ्लॅटांचा टॉवर उभा राहिला. थंडीत सूर्य दक्षिणेकडून कलून जातो, हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. नेमक्या सुकेळीच्या दिवसांत काकूंच्या अंगणात सकाळपासून संध्याकाळपर्यंत सावली. पेटी थंडगार. पहिल्या खेपेची केळी आतल्या आत आंबली. काकूंनी ती माडाच्या बुंध्याशी पुरली आणि मला म्हणाल्या, "चल, योजनेच्या साहेबाला भेटू."

साहेब तरुण होता, गोड बोलणारा. त्याने चहाही मागवला. "काकू, योजना यंत्राची आहे. यंत्र तुम्हाला मिळालं. आता ऊन काही योजनेत बसत नाही."

"मग त्या यंत्रात काय तुझं भाषण वाळवू?" काकू म्हणाल्या.

पेटी दुसरीकडे हलवा, असा सल्ला मिळाला. दुसरीकडे म्हणजे कुठे? काकूंपाशी होतं ते एवढंच अंगण. बरं, पेटी परत घ्या म्हटलं, तर तेही जमेना. अनुदानाची वस्तू लाभार्थ्याकडेच राहायला हवी, अधूनमधून तपासणी होते म्हणे. टॉवरच्या परवानगीचं विचारलं, तर ते खातं वेगळं. एका हाताने द्यायचं, दुसऱ्याने काढून घ्यायचं आणि विचारलं की दोन्ही हात वर!

पुढच्या थंडीत त्याच टॉवरच्या गच्चीवर सोलर पॅनल बसले. तेही सरकारी अनुदानातून. उद्घाटनाला पाहुणे, शाली, नारळ, सगळा थाट. काकूंनी आदल्या दिवसापासून केळी सोलून ठेवली होती. मला म्हणाल्या, "चटई धर." आम्ही लिफ्टने वर गेलो आणि काकूंनी सरळ पाहुण्यांच्या खुर्चीपुढे चटई अंथरून केळी मांडायला घेतली.

"साहेब, माझं ऊन इथे राहायला आलंय," काकू म्हणाल्या, "म्हणून मीही आले. एवढा कोपरा मला द्या."

मग कोणीतरी टाळी वाजवली, आणि सगळ्यांनीच वाजवली! त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग. पाहुण्यांनी वाकून फोटो काढून घेतला. ते खाली उतरल्यावर सोसायटीचा सेक्रेटरी म्हणाला, "आजी, उचला हे. मुंग्या होतील. गच्ची मेंबरांसाठी आहे." दुसऱ्या दिवशी तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर होता. खाली लिहिलं होतं, 'परंपरा आणि सौरऊर्जेचा सुंदर संगम'. मी तो काकूंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितला आणि म्हणाल्या, "फोटो छान आलाय. केळी मात्र काळी पडली."

त्यानंतर त्यांनी राजेळीचा एकही घड घरी आणला नाही. पावसाळ्यात त्या गेल्या. डॉक्टर म्हणाले हृदय, असेल बाई. उन्हावाचून माणूस मरत नाही, एवढं मलाही कळतं. पण हाताचं काम काढून घेतलं की माणूस कसा बसल्याजागी विझत जातो, ते मी रोज कुंपणावरून बघत होते. मला कोणी शहाणपण शिकवू नये.

यंदा थंडीत तपासणीला एक माणूस आला. काकूंच्या घराला कुलूप, किल्ली माझ्याकडे. "लाभार्थी कुठे आहेत?" त्याने विचारलं.

"वारल्या."

"अरेरे," तो म्हणाला आणि पेटीवरची धूळ रुमालाने पुसली. काच शाबूत, ट्रे शाबूत. "यंत्र सुस्थितीत आहे," असं पुटपुटत त्याने मोबाइल काढला, इकडून तिकडून धरून बघितला आणि वैतागून म्हणाला, "फोटो काळोखा येतोय हो. इथे ऊन कधी येतं?"

मग माझा तोल गेला. गल्ली गोळा होईपर्यंत मी ओरडत होते. त्याला, त्याच्या खात्याला, टॉवरला, गच्चीवर टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांना. तो बिचारा खाली मान घालून उभा राहिला. मी दम खायला थांबले, तेव्हा हळूच म्हणाला, "ताई, फोटोशिवाय मला जाता येत नाही."

आणि त्याने मोबाइलचा फ्लॅश लावून सोलर ड्रायरचा फोटो काढला.