पाइप गार पडेपर्यंत

पंप सुरू झाला की आबा बाहेर जात आणि उन्हात तापलेल्या पाइपावर तळहात ठेवत. कालव्याचं पाणी वर चढू लागलं की लोखंड गार पडे. तोवर ते कुणाशी बोलत नसत. मग म्हणत, "गेलं गावात."

बारामतीच्या पंपघरातले हे इंजिनवाले तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. आखूड धोतर, कमरेला खोचलेला पाना.

वीज आली तेव्हा तेलाच्या इंजिनाच्या जागी मोटर आणि ती चालवणारा बटणांचा बोर्ड बसवायचा ठेका मी मिळवला. सायकली दुरुस्त करत वर आलेला मी. हे पहिलं मोठं काम. अट एकच, गावाचे नळ एक वेळही कोरडे पडता कामा नयेत. पडले तर ठेका गेला आणि नावही.

मोटर बसली. जुनं इंजिन मी पणदऱ्याच्या एका बागायतदाराला कबूल केलं होतं. त्याची बैलगाडी दारात उभी, आणि आबा नट सोडू देईनात.

"आबा, त्याचं काम संपलं आता."

"तुमचं सुरू झालंय का पर?"

"बोर्ड बघा की."

"बघितला. देखणा हाय. पाणी चढलं की सांगा."

गाडीवान हसला. मी आबांना नको ते बोललो. गाडी रिकामी परत गेली.

चाचणीला नगरपालिकेचे साहेब भर दुपारी आले. सकाळपासून इंजिन बंद. टाकीत जेमतेम अर्ध्या तासाचं पाणी. मी बटण दाबलं. मोटर घुमली, हिरवा दिवा लागला, साहेब खूश झाले.

आबा बाहेरून आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "पाइप चटका देतोय. पाणी जागचं हाललं न्हाय. मोटर उलटी फिरती का बघा."

फिरतच होती. दोन तारांची अदलाबदल झाली होती, माझ्याच हातून. त्या सोडून जोडेपर्यंत टाकी आटली असती. जुनं इंजिन सुरू करायचं, तर त्याचं डोकं बत्तीनं तापवण्यातच अर्धा तास जाई.

आबांनी बत्ती सकाळीच पेटवून ठेवली होती. त्यांनी चाक फिरवलं. इंजिन धडधडलं, त्याचा जुना पंप पाणी ओढू लागला, पंपघर धुरानं भरलं.

"हे कुणी सुरू केलं?" साहेब खोकत ओरडले.

"मी, साहेब. लई वर्सं पाणी पाजलं यानं गावाला. निरोपाचं एकदा फिरवतो."

अडाणी, हट्टी, सगळं ऐकून घेतलं त्यांनी, मान खाली घालून. साहेब वैतागून बाहेर चहाला गेले, तेवढ्यात मी मोटर थांबवून तारा बदलल्या. गावात कुणाला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी धोतरजोडी घेऊन गेलो.

"ही कशाबद्दल?"

"कालच्याबद्दल."

"काल मी बोलणी खाल्ली. त्याचं काय धोतर मिळतं व्हय?"

घेतली नाही. जन्मभर घासाघीस केली मी, पण फुकट कुणाचं घेतलं नाही. या माणसानं मला सौदाच करू दिला नाही. तो राग अजून आहे.

आबा गेले. नवा माणूस दिवा बघतो आणि आत बसून राहतो. भवानीनगरला जाताना मी तिथं उतरतो, पंप सुरू करायला लावतो, पाइपावर हात ठेवतो. लोखंड गार पडतं. पुढचे दोन शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत.