एकेचाळीस पानांवरचा नंबर

आम्ही सांभाळत असलेल्या एका दवाखान्याच्या वेबसाइटवर तातडीचा फोन नंबर एकेचाळीस पानांवर होता आणि ती एकेचाळीसही ठिकाणं काकूंना तोंडपाठ होती. काकू म्हणजे जावा या संगणकभाषेत काम करणाऱ्या, आमच्या ऑफिसातल्या सर्वांत जुन्या प्रोग्रामर. कुठे नंबर सलग, कुठे मध्ये रेघ, कुठे दोन तुकडे. त्यामुळे शोधून एकदम बदलायची सोय नव्हती. नंबर बदलला की काकू चष्मा सावरून बसत आणि एकेका पानात शिरून तो हाताने बदलत.

या विद्येपायी त्यांनी सहा वर्षांत सलग चार दिवस रजा घेतली नव्हती. आम्हीही लबाड. 'काकू, तुम्ही नसलात तर आमचं कसं व्हायचं,' असं म्हणत त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवायचो.

मग त्यांच्या लेकीला दिवस गेले. डॉक्टरांनी शेवटचे दोन महिने झोपून राहायला सांगितलं, आणि जावई बोटीवर नोकरीला. काकूंनी आठवडाभर मान वर केली नाही. नंबर, पत्ता, वेळा, सगळं त्यांनी एका फाइलमध्ये आणलं. साइट चालवणारा सर्व्हर सुरू होताना ती एकदाच वाचून त्यातली माहिती एका सामाईक जागी ठेवली जाणार आणि प्रत्येक पान तिथूनच नंबर घेणार.

"आता माझ्यावाचून अडायचं नाही," रजेवर जाताना त्या म्हणाल्या.

सातव्या आठवड्यात नंबर बदलला. जुना संध्याकाळी सहाला बंद होणार होता. मी फाइलमधली ती ओळ बदलली, पण पानांवर जुनाच नंबर. काकूंना फोन लावणार, तोच आठवलं, आज सकाळीच त्यांच्या लेकीला बाळंतपणासाठी नेलंय. फोन ठेवला आणि फाइल पहिल्यापासून वाचली. अगदी वर लिहिलं होतं: 'बदल केल्यावर सर्व्हर बंद करून चालू कर. मला फोन करायच्या आधी.'

केला. एकेचाळीसही पानांवर नवा नंबर आला आणि जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी काकूंचाच फोन आला. "नात झाली. दोघी बऱ्या आहेत. साइट बघितली मी. नंबर बदललास?"

"हो."

"मला विचारलं नाहीस."

"गरजच पडली नाही," मी फुशारकीने म्हणालो.

पलीकडे बाळ रडायला लागलं. मला माझ्या बोलण्याची लाज वाटली.

"काकू, परत कधी येताय?" मी घाईघाईने विचारलं.

"कशाला रे?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.