सरकलेली गादी

हसू नका असं सांगून उपयोग नाही, तुम्ही हसणारच. पण चहा संपेपर्यंत ऐका.

नव्वद सालानंतरची गोष्ट. बायको गेली आणि मुलानं मला बेंगळुरूला आणलं, बसवनगुडीत. मुलगा आणि सूनबाई दोघंही कॉम्प्युटरच्या कंपनीत. सकाळी जायचे, दिवेलागणीनंतर यायचे आणि जेवून झोपायचे. बिचारे दमलेले असत. दिवसभर घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ. बाहेर सगळं कानडी. मला येत होतं 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं. एवढ्यावर माणूस किती बोलणार?

एकदा बादली उचलताना कमरेत कळ आली, ती थेट टाचेपर्यंत गेली. मुलगा घाबरला, ऑपरेशनचं बोलू लागला. पण आधी मल्लेश्वरमच्या एका डॉक्टरांना दाखवू म्हणाला. ते तेल, शेक आणि व्यायामावर बरं करत.

डॉक्टर निघाले निपाणीकडचे. "या अण्णा, बसा सावकाश," म्हणाले. चक्क मराठीत! मला इतकं बरं वाटलं की मी नुसता त्यांचा आवाज ऐकत बसलो. शब्दांकडे लक्ष कुठलं? मुलगा तेल आणायला बाहेर गेला होता. माझ्या कानात राहिलं ते एवढंच, की गादी सरकलीय, ती जागेवर आली की दुखणं थांबेल, ऑपरेशन लागणार नाही.

घरी येताना मी थक्क. कारण माझी गादी खरंच सरकत होती! सूनबाईनं आणलेला पलंग नवा, गुळगुळीत. त्यावरून माझी कापसाची गादी रात्रीत अर्धी खाली लोंबायची. पण हे मल्लेश्वरमला बसून त्यांना कसं कळलं? केवढा मोठा डॉक्टर!

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नव्हतं, म्हणून गादी नीट बसवायला खालच्या मजल्यावरच्या अक्कांना हाक मारली. कमरेवर हात ठेवून म्हटलं, "अक्का, गादी, गादी." त्यांनी ऐकलं 'गाडी'. धावत गेल्या आणि रिक्षावाल्याला घेऊन आल्या. दोघं मला धरून जिना उतरवायला लागले. मी कठडा घट्ट धरून 'गादी, गादी' म्हणतोय आणि ते 'बंतु, बंतु' म्हणतायत. म्हणजे आली, आली.

शेवटी दोघांना खोलीत नेऊन पलंग दाखवला. रिक्षावाला भला माणूस. सामान बांधायची दोरी आणून त्यानं गादी पलंगाला अशी आवळली की हत्तीनं ओढली तरी हलायची नाही. मीही हौसेनं वाकून दोरीला हात लावला. संध्याकाळी मला उठून बसता येईना.

पुन्हा मल्लेश्वरम. या वेळी मुलगा शेजारीच बसला होता.

"काय अण्णा, गादीचं काय म्हणणं?" डॉक्टरांनी विचारलं.

"आता हलायची नाही. दोरीनं बांधलीय."

"दोरी कुठं बांधलीत?"

"चारी पायांना."

"चार?"

मुलानं कपाळाला हात लावला. डॉक्टर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग समजावलं, की पाठीच्या दोन मणक्यांमध्ये छोटी मऊ गादी असते, सरकलीय ती. मीही हसलो आणि कळ पुन्हा टाचेपर्यंत गेली.

पुढे पोटावर पडून हळूच छाती उचलायची, कोमट तेल लावायचं, रोज स्वल्प चालायचं, असं चाललं. दर आठवड्याला दाखवायला जायचो. दाखवणं थोडं, बोलणं जास्त. तंबाखूची शेतं, त्यांच्या आईच्या हातची भाकरी, काय काय बोलायचो आम्ही. खरी गादी हळूहळू जागेवर आली. मग एके दिवशी डॉक्टर म्हणाले, "अण्णा, तुम्ही बरे झालात. आता यायची गरज नाही."

मी 'सरी' म्हटलं. दारापर्यंत गेलो. पाय पुढं पडेना.

"डॉक्टर," मी वळून विचारलं, "उशी सरकते का हो कधी?"

ते उठून दाराशी आले. मग म्हणाले, "काही सरकलं नाही तरी या, अण्णा."

"उद्या किती वाजता?" मी विचारलं.