आलेखातली टेकडी

विद्यार्थी त्याला पाठीमागे ‘गारठा सर’ म्हणत. पदार्थ थंड करत न्यायचे आणि ते किती उष्णता धरतात ते मोजायचं, यातच त्याची तीस वर्षं गेली. एवढ्या वर्षांत नाव घ्यावं असं एकच काम हाती लागलं होतं. एका स्फटिकाच्या आलेखात, सरळ चाललेल्या रेषेवर, मध्येच एक छोटी टेकडी उठली होती. ती पहिल्यांदा दिसली त्याच्या बायकोला. ती त्याच प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. शोधनिबंधावर दोघांची नावं लागली. तिचं छापलेलं नाव जगात तेवढं एकच.

ती जाऊन दोन वर्षं झाली होती. आणि आज त्याची शेवटची पीएचडीची विद्यार्थिनी कागद घेऊन दारात उभी होती.

“सर, रागावू नका. टेकडी स्फटिकाची नाहीये.”

“मग काय माझी आहे?”

“ग्रीसची आहे.”

तो हसला. एकटाच.

स्फटिक मोजणीच्या चकतीला चिकटवायला ग्रीसचा ठिपका लावतात. आधी नुसता ठिपका मोजायचा, मग त्यावरच स्फटिक ठेवून पुन्हा मोजायचं आणि ग्रीसचा वाटा वजा करायचा. विद्यार्थिनीनं स्फटिक न ठेवताच जाडसा ठिपका मोजला होता. तीच टेकडी, त्याच जागी.

त्यानं कपाटातून जुनी वही काढली. बायकोचं बारीक अक्षर: ‘ठिपका नवा. ग्रीस वेगळं मोजलं नाही. मागच्या ठिपक्याचे आकडे वापरले.’

त्याला तो दिवस आठवला. “अहो, ठिपका जाड झालाय. पुन्हा मोजू या,” ती म्हणाली होती. पुन्हा मोजायचं म्हणजे अख्खा दिवस, आणि परिषद तोंडावर आलेली. “अगं, ग्रीस ते ग्रीस. मागचे आकडे चालतील,” असं तोच म्हणाला होता, वर न बघता.

विद्यार्थिनीनं खालच्या आवाजात म्हटलं, “सर, मी प्रबंधात हे घालतच नाही. तुमच्या निवृत्तीला चार महिने राहिलेत. आणि मॅडमचं नाव...”

त्यानं वही मिटली. तिचं बोलणं गोड लागत होतं, हे त्याला कळत होतं.

“घाल,” तो म्हणाला. “निबंध मी मागे घेतो.”

नियतकालिकाचा अर्ज पडद्यावर उघडला. चूक कशी झाली? त्यानं लिहिलं: ‘ग्रीस वेगळं न मोजण्याचा निर्णय माझा. सहलेखिकेनं पुन्हा मोजायला सुचवलं होतं.’ पुढे सहलेखिकेची संमती: आहे, नाही, संपर्क होऊ शकत नाही.

“तिसऱ्यावर खूण करा, सर.”

“ती काय म्हणाली असती, ते मला ठाऊक आहे गं.”

“त्याला अर्जात जागा नाहीये.”

त्यानं तिसऱ्यावर खूण केली. अर्जानं कारण विचारलं. दवाखान्याचे, पेन्शनचे, बँकेचे सगळे कागद ती गेली तेव्हा थोरल्या भावानं भरले होते. यानं नुसत्या सह्या केल्या होत्या. तो शब्द त्याला आजवर स्वतः लिहावा लागला नव्हता. विद्यार्थिनी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. त्यानं एक बोट पुढे केलं आणि एकेक अक्षर शोधत तो शब्द लिहिला.